टेप चालेल, गळा नको

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला तीन पोरांनी गिटार घेऊन गायचं ठरवलं. गाणं ‘बंदे’. ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातलं, इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं. यादी समितीपुढे गेली. समितीत पाच जण. गाण्यातलं कळणारा त्यात एकही नाही, राजकारणातलं कळणारे पाचच्या पाच. चिटणिसांनी विचारलं, "हे दंगलीबिंगलीवर आहे का?" पोरं खरं बोलली. नव्या पिढीची हीच खोड. मग अर्धा तास खल झाला, दोनदा चहा झाला आणि तोडगा निघाला. पोरांनी गायचं नाही, पेनड्राइव्हवर आहे ते लावून टाकायचं. लावलं तर गाणं, गायलं तर घोषणा.

त्या संध्याकाळी पावभाजीच्या रांगेत उभ्या असलेल्या तमाम सभासदांनी तेच गाणं, तेच शब्द, त्याच स्पीकरवर ऐकले. कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. जादा बटर मागता मागता एका काकांनी ठेकासुद्धा धरला.

समितीला हसू नका. मोठमोठ्या सरकारांना जे धोरण कागदावर नीट मांडता आलं नाही ते या पाच जणांनी दोन चहांत मांडलं. आणि ‘बंदे’च्या बाबतीत तर ते मुंबईच्या परंपरेला धरूनच होतं. मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यपचा हा चित्रपट २००५च्या सुरुवातीला लागायचा होता. खटल्यातल्या आरोपींनी उच्च न्यायालयात धाव घेतली, निकाल लागेपर्यंत थांबा असं ठरलं आणि चित्रपट पडद्यावर यायला फेब्रुवारी २००७ उजाडलं. गाणं मात्र आधीच बाहेर आलं होतं. दोन वर्षं ते कॉलेजच्या कट्ट्यांवर वाजत होतं, आणि ज्या शहराच्या जखमेवर ते बेतलं होतं तिथे चित्रपट डब्यात बंद होता. गाणं सुटलं, गोष्ट अडकली.

मराठी माणसाला टेपचं प्रेम तसं जुनंच. सवाई गंधर्वच्या मंडपात डेक घेऊन बसणाऱ्यांची एक अख्खी पिढी होऊन गेली. त्यांच्या कपाटातल्या टेपांवर रागापेक्षा तपशील जास्त असायचे: रात्री किती वाजता, तबल्याला कोण, आणि विलंबितात खोकलं कोण. स्टुडिओतल्या स्वच्छ तबकडीला ही मंडळी नाक मुरडत. त्यांना मैफल हवी असायची, म्हणजे चुकलेली तान, अवेळी पडलेली दाद आणि मागे कुठेतरी रडणारं पोर. लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे हेच. गाणारा एकटा नव्हता याचा पुरावा.

अशीच एक टेप आमच्या कपाटात आहे. ‘डेझर्ट रेन’, इंडियन ओशनचीच. या बँडचा पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला होता. दुसरा स्टुडिओत झालाच नाही. तो १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत ‘सहमत’च्या कार्यक्रमात, लोकांसमोर वाजवला तसा टिपला गेला. आता राजकारण शोधायला गाण्याचे शब्द चाळत बसू नका. ते तारखेतच आहे.

१ जानेवारी १९८९. दिल्लीलगत साहिबाबादजवळचं झंडापूर. कामगारवस्तीत ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू होता. पालिका निवडणुकीचे दिवस. प्रयोगावर हल्ला झाला. राम बहादूर नावाचा एक कामगार मारला गेला, आणि नाटक बसवणारा सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारला. तो चौतीस वर्षांचा होता. ४ जानेवारीला त्याची बायको मोलोयश्री आणि जन नाट्य मंचाचे बाकीचे नट त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पुरा केला. या सफदरच्या नावाने ‘सहमत’ ही कलावंतांची संस्था उभी राहिली, आणि दरवर्षी १ जानेवारीला कलावंत तिच्या कार्यक्रमाला जमू लागले. लोक नववर्षाचा हँगओव्हर उतरवत असतात त्या दिवशी.

तेव्हा ‘डेझर्ट रेन’मधल्या टाळ्या कसल्या आहेत ते लक्षात ठेवून ऐका. आठ वर्षांपूर्वी एक प्रयोग पूर्ण होऊ दिला नाही म्हणून जमलेल्या माणसांच्या त्या टाळ्या आहेत. (त्यात एका गाण्याचं नाव ‘बोल वीव्हिल’ आहे. बोल वीव्हिल म्हणजे अमेरिकेतला कापसाचं बोंड खाणारा भुंगा. आपल्या विदर्भात असते ती बोंडअळी. तो भुंगा, ही अळी. जात वेगळी, जेवण एकच. तिकडे त्यावर गाणी झाली. आपल्याकडे पंचनामे झाले.)

या बँडचा बास गिटार वाजवणारा राहुल राम हा कॉर्नेल विद्यापीठाचा पर्यावरण-विषशास्त्रातला डॉक्टर. अशा माणसाने खरं तर सल्लागार कंपनी काढायची. हा नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात खोऱ्यात जाऊन राहिला. ‘माँ रेवा’ हे त्यांचं गाजलेलं गाणं तिथूनच आलं. त्या खोऱ्याची एक कड आपल्या नंदुरबारात येते. मणिबेली हे गाव तिथलंच, आणि सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं गेली. धरणाची उंची १३८.६८ मीटरवर पोचली, २०१७ साली लोकार्पण झालं. गाण्याची उंचीही वाढत गेली म्हणायची. आता ते हिंजवडीच्या सिग्नलवर, काचा वर करून, एसीत ऐकू येतं. ऐकणाऱ्याला नदी आवडते. मणिबेलीचा पत्ता त्याला विचारू नये.

आता बनारसला चला. या बँडच्या गाण्यांची मुळं हुडकत गेलं की गाडी सारखी त्याच स्टेशनात थांबते.

२००० सालच्या ‘कंदीसा’ अल्बममध्ये ‘हिल्ले ले’ नावाचं भोजपुरी गाणं आहे. ते गोरख पांडेचं. देवरिया जिल्ह्यातला, बनारसच्या विद्यापीठात घडलेला आणि पुढे जेएनयूत सार्त्रवर संशोधन करायला गेलेला कवी. जनतेची पलटण निघाली की दुनिया कशी गदगदा हलते, असं काहीतरी त्या गाण्यात आहे. २९ जानेवारी १९८९ रोजी त्याने वसतिगृहात स्वतःला संपवलं. सफदर गेला त्याच महिन्यात. आज हे गाणं वाजलं की कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात मनुष्यबळ विभागसुद्धा नाचतो. पलटण आली तर पहिल्यांदा कोणाच्या दारात येईल हे तिथे कोणी भाषांतर करून सांगत नाही. भोजपुरी कळत नसल्याचे असेही फायदे असतात.

२०१५चा ‘मसान’ तर बनारसच्या चितांमधूनच उगवलेला. दिग्दर्शक नीरज घायवान, संगीत इंडियन ओशनचं, आणि गाणी लिहिणारा वरुण ग्रोव्हर बनारसच्याच आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. (पूल बांधायला शिकलेल्या माणसाचं गाजलेलं गाणं रेल्वे आणि पुलाचंच निघावं, याला अभ्यासक्रमाचं यश म्हणावं.) हा ग्रोव्हर आणि राहुल राम यांनी संजय राजौरा यांच्यासोबत ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ नावाचा खेळ केला, ज्यात गाण्यातून आणि विनोदातून ज्याची त्याची हजेरी घेतली जाते. ‘मसान’ची गाणी लग्नाच्या व्हिडिओला लावतात. ‘ऐसी तैसी’चे तुकडे व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपवर टाकून बघा, मामा ग्रुप सोडून जातात. माणसं तीच, आवाज तोच.

आणि २००३चा अल्बम ‘झिनी’. त्याचं शीर्षकगीत म्हणजे कबीराचं चादरीचं पद. बनारसच्या विणकराने मागावर बसून म्हटलेलं, दिल्लीच्या पोरांनी विजेच्या गिटारीवर घेतलेलं. हे ऐकून आपल्याला किती सुंदर वाटतं! अध्यात्म, उदबत्ती, ध्यान. गाणारा ज्या कापडाबद्दल बोलत होता ते विणणाऱ्याच्या जातीला काशीच्या देवळात पायरी चढायला मिळत नव्हती, ही गोष्ट त्या सुंदर वाटण्यात येत नाही.

कबीर हा या धंद्यातला आद्य लाइव्ह कलावंत. त्याने स्वतः कागदाला हात लावला नाही अशी परंपरा सांगते. आपल्या हातात त्याचं जे काही आहे ती ऐकणाऱ्यांनी केलेली उतरवण आहे. ‘बीजक’ घ्या, राजस्थानातल्या पोथ्या घ्या, नाहीतर १६०४ साली सिद्ध झालेला शिखांचा आदिग्रंथ घ्या. म्हणूनच प्रत्येक पोथीत कबीर थोडा वेगळा निघतो. सवाईच्या टेपांसारखंच, ज्याचा डेक जिथे होता तसं ध्वनिमुद्रण.

आणि जिवंत कबीराचं काशीने काय केलं? कथा अशी की पंडित आणि मुल्ला, ज्यांचं एरवी एका गोष्टीवर एकमत होत नसे, त्यांचं याच्याबद्दल झालं. तक्रार सिकंदर लोदीपर्यंत गेली. साखळदंडांनी बांधून गंगेत टाकलं, बुडला नाही. हत्ती सोडला, तो तुडवेना. शेवटी म्हातारपणी मगहरला गेला, जिथे मेलं की गाढवाचा जन्म मिळतो असं काशीकर म्हणत. मेल्यावर मात्र दोन्ही बाजू प्रेतासाठी भांडल्या, आणि चादर उचलली तर खाली फुलं निघाली म्हणे. मेल्या म्हशीला मणभर दूध! आज काशीत कबीरचौरा आहे, मठ आहे, लहरतारा तलाव आहे. त्याच कबीरचौऱ्याच्या गल्लीत किशन महाराजांसारखे तबलिये राहिले. गेल्या काही वर्षांपासून घाटावर त्याच्या नावाचा महोत्सवही भरतो, मुंबईच्या महिंद्र समूहाच्या पुरस्काराने. सूर्योदयाला नावेतून कबीर. गंगेत तेव्हाही होता, पण साखळदंडाने.

आपल्याकडे सेन्सॉर बोर्ड निघण्यापूर्वी नद्या होत्या. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेराव्या दिवशी तरंगल्या. एकनाथांची हकीकत तर थेट काशीचीच. पैठणला सुरू केलेलं भागवत त्यांनी काशीत नेऊन १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला पुरं केलं. भागवत आणि मराठीत? काशीच्या पंडितांना घाम फुटला. आख्यायिका म्हणते की पोथी गंगेत टाकायला लावली, गंगेने ती वर धरली, आणि मग त्याच पंडितांनी ती हत्तीवरून मिरवली. आख्यायिका खरी की खोटी हा वाद पंडितांना घालू द्या. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी नदी, मग हत्ती. (कबीराच्या वाट्याला नदी आणि हत्ती दोन्ही वेगळ्या कामासाठी आले.)

ही रीत काशीने सोडलेली नाही. जानेवारी २०००च्या अखेरीस दीपा मेहतांच्या ‘वॉटर’चा सेट घाटावर मोडला आणि त्याचे अवशेष गंगार्पण केले. विधवांची ती गोष्ट पुढे श्रीलंकेत चित्रित झाली आणि कॅनडाच्या नावावर ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. काशिनाथ सिंहांचं ‘काशी का अस्सी’ हे पुस्तक वर्षानुवर्षं दुकानात मिळतंय, त्यातल्या सगळ्या अस्सल शिव्यांसकट. त्यावरचा ‘मोहल्ला अस्सी’ मात्र कोर्टकज्ज्यात अडकून २०१८च्या नोव्हेंबरात लागला. शिवी छापली तर साहित्य, ऐकू आली तर गुन्हा.

काशीवर एवढं बोलून झालं, आता आपल्या अंगणात येऊ.

डिसेंबर २०१९, पणजी. सेरेंडिपिटी कला महोत्सव. ‘दास्तान लाइव्ह’ नावाच्या बँडने कबीरावरचा कार्यक्रम केला, नाव ‘कबीरा खडा बाजार में’. हेच नाव भीष्म साहनींच्या १९८१ सालच्या नाटकाचं. रॉकच्या साथीने हिंदी-उर्दू कविता म्हणणारा हा बँड. कार्यक्रमात नागार्जुनांची ‘मंत्र’ कविता आली, ज्यात जवळजवळ प्रत्येक ओळ ‘ओम’ने सुरू होते आणि त्या ‘ओम’ला देशातल्या सगळ्या ढोंगांची रांग लागते. एका वकिलांनी तक्रार दिली की ओमचा अपमान झाला. बँडच्या चौघांना पोलिसांनी चौकशीला नेलं आणि मग सोडलं.

आता गंमत पाहा. हे नागार्जुन म्हणजे मिथिलेचे वैद्यनाथ मिश्र. संस्कृत शिकायला गेले होते कुठे? बनारसला! नंतर श्रीलंकेत जाऊन बौद्ध झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, मैथिली कवितेसाठी साहित्य अकादमी पुरस्कारही घेऊन झाला. १९९८ साली वारले. ओमचा उच्चार आणि अर्थ दोन्ही ज्यांनी काशीत बसून घोकले, त्यांनी ओम कसा वापरावा हे पणजीत ठरलं. ती कविता पुस्तकात आहे, ग्रंथालयात आहे. चाल लावून ती याआधी एका हिंदी चित्रपटातही येऊन गेली. छापील ओमला पोलीस ठाणं नव्हतं, चित्रपटातल्याला नव्हतं, मंचावरच्या जिवंत माणसाच्या तोंडून आला तेव्हा लागलं. आमची सोसायटीची समिती पणजीत असती तर तिने सरळ पेनड्राइव्ह सुचवला असता.

पुण्याला तर हसायची सोयच नाही. आपल्याकडे कबीर कला मंच आहे. पुन्हा कबीर! २००२च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यातल्या पोरापोरींनी उभा केलेला. ढोलकी, डफ, झोपडपट्टीतले चौक. रॉक म्हणा नाहीतर शाहिरी, वीज दोन्हींत सारखीच. फक्त यांच्या ॲम्प्लिफायरचं भाडं कमी. आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात त्यांचं गाणं टिपलं. तो चित्रपट चौदा वर्षं चित्रित होत होता. १९९७च्या जुलैत रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला, तिथून तो सुरू होतो. २०११ साली कबीर कला मंचावर नक्षलवादी असल्याचे आरोप झाले, काहींना अटक झाली, बाकीचे भूमिगत झाले. आणि २०१२मध्ये? माहितीपटाला महाराष्ट्र सरकारचा पुरस्कार मिळाला! पुरस्काराची रक्कम पटवर्धनांनी याच मंचाच्या बचाव समितीला दिली. म्हणजे एका हाताने सरकार ज्यांना शोधत होतं, दुसऱ्या हाताने त्यांच्याच गाण्याच्या चित्रफितीला शाल-श्रीफळ देत होतं. हात एकाच धडाला असावेत, पण मान मध्ये कुठे होती कोण जाणे.

२ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन गाणं म्हणत स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, असं त्यांचं म्हणणं. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळीला सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. पोर तोवर तीन वर्षांचं झालं होतं. या सगळ्या काळात शीतलचा आवाज यूट्यूबवर चोवीस तास उपलब्ध होता. मागे पुढे करून ऐका, आवडल्यास लाइक करा.

हे आपल्याच मातीचं वैशिष्ट्य, असा गर्व कोणी करू नये. चेकोस्लोव्हाकियात ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड होता. राजकारणात त्यांना रस नव्हता, लांब केस आणि विचित्र आवाज यांत होता. १९७६ साली त्यांना पकडून खटला भरला. त्या खटल्याने चिडलेल्या लेखक-विचारवंतांनी पुढच्या वर्षी ‘चार्टर ७७’ ही सनद काढली, तीत नाटककार वाक्लाव हावेल होते, आणि १९८९ संपता संपता हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. दरम्यान बँडची तबकडी पॅरिसमध्ये निघाली होती आणि बँडला प्रागमध्ये वाजवायला हॉल मिळत नव्हता. केस कापायला लावले असते तर हावेल नाटकंच लिहीत बसले असते. अटक करून सरकारने स्वतःचा राष्ट्राध्यक्ष बदलून घेतला.

माझ्या लेखी सर्वांत मोठी चपराक मात्र रॉकची नाही, गझलेची आहे, आणि ती बनारसने मुंबईला मारली.

संकटमोचन हे काशीतलं हनुमानाचं देऊळ. तिथे १९२३पासून दर चैत्रात संगीत समारोह होतो. हनुमान जयंतीच्या सुमारास, देवळाच्या अंगणात, संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत. तिकीट नाही. माकडांनाही नाही. पंडित जसराजांनी तिथे वर्षानुवर्षं हजेरी लावली. इथले महंत हे एक अजब प्रकरण आहे: आधीचे वीरभद्र मिश्र विद्यापीठात जलविज्ञानाच्या अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि आयुष्यभर गंगा स्वच्छ करा म्हणून सरकारांच्या मागे लागले, आताचे विश्वंभरनाथ मिश्र आयआयटीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. सकाळी आरती, दुपारी सर्किट. याच देवळात ७ मार्च २००६ रोजी बॉम्ब फुटला आणि माणसं मेली. पाकिस्तानी माणसाला दार लावायला कोणाकडे सबळ कारण असेल तर ते या अंगणाकडे होतं.

एप्रिल २०१५मध्ये या अंगणात गुलाम अली गायले. पाकिस्तानचे, मुसलमान, आणि गात होते ते हनुमानासमोर. लोक मांडी घालून, दाटीवाटीने, भिंतीवर चढून ऐकत होते. देव कोपला नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हेच गुलाम अली मुंबईत षण्मुखानंद सभागृहात गाणार होते, जगजितसिंगांच्या स्मृतीसाठी. शिवसेनेने विरोध केला, कार्यक्रम रद्द झाला. पुण्यातलाही झाला. देशप्रेमाचा प्रश्न होता. पण त्या आठवड्यात मुंबईत किती घरांत, किती बारमध्ये आणि किती रिक्षांत गुलाम अली वाजत होते याची कोणी मोजदाद केली नाही. विरोध करणाऱ्यांपैकी दोन पेग झाल्यावर त्यांची गझल कोण लावतं हे मला माहीत आहे. नाव सांगत नाही, शेजारी आहे. सीमेपलीकडचा आवाज चालत होता, त्याला पाय फुटले की तो घुसखोर. पुढच्या वर्षी, २०१६च्या एप्रिलमध्ये, संकटमोचनने त्यांना पुन्हा बोलावलं.

परवा सोसायटीत त्या तीन पोरांतला एक जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी कबीर गाऊ म्हणतो, त्याला तरी समिती नाही म्हणणार नाही." मी त्याला पणजीचं सांगितलं. पुण्याचं सांगितलं नाही, परीक्षा जवळ आली आहे त्याची.

ज्यांना गाणं गळ्यातून निघताना ऐकायचं आहे, अशा मुंबईकरांसाठी एक सूचना. महानगरी एक्सप्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मध्यरात्रीनंतर सुटते आणि वाराणसीला जाते. संकटमोचनचा समारोह चैत्रात असतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.